लिलावातला ट्रक आणि दोन म्हशी

आबा, तुम्ही चालवायचात तसला ट्रक मी विकत घेतलाय. सैन्यानं लिलावात काढलेला, चारही चाकांना ओढ असलेला, उंच. तुम्ही सुट्टीवर आलात की जेवताना त्याच्याबद्दलच बोलायचात, आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची, त्याच्यासंगंच लगीन लावायचं हुतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या मुलीला तुमचा चेहरा फोटोतलाच ठाऊक आहे. तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण बाकी सगळ्यांनी मला वेड्यात काढलंय.

आम्ही दोघं नवराबायको कोल्हापुरात राहतो, ट्रॅक्टर भाड्यानं देतो; आई आता आमच्याकडेच असते. पाऊस लांबला की कोडोलीकडच्या शेतांत उसाच्या ट्रॉल्या रुततात आणि दिवसभर निघत नाहीत. त्या ओढून काढायला ताकदीची गाडी हवी होती. लिलावाच्या मैदानात ट्रक गवतात रांगेनं उभे होते. ह्यांना एक लगेच आवडला, नुकताच रंग दिलेला, टायर काळेभोर. मला कागलचा तो दिवस आठवला. नोकरी संपवून आल्यावर तुम्ही मला घेऊन जुनी जीप बघायला गेला होतात, आणि मी लाल जीपवर हात फिरवत हीच घ्या म्हणाले होते. तुम्ही चारचौघांत ओरडलात, "रंग चाटायचाय काय? खाली वाक आन् बघ." मी रडकुंडीला आले. मग तुम्ही स्वतःच शेजारी मातीत आडवे झालात आणि चासीवर, गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, कुठं वेल्डिंगचा डाग दिलाय, कुठून ऑइल गळतंय, ते बोट लावून दाखवलंत.

लिलावातही मी साडी खोचून ट्रकखाली शिरले. बघणारे हसले, हे दुसरीकडे बघायला लागले. त्या रंगवलेल्या ट्रकच्या चासीवर वेल्डिंगचा जाड वळ निघाला. मग मी कोपऱ्यातला एक निवडला. हौद्याला गंज, एक दिवा फुटलेला, सीट उंदरांनी खाल्लेली, पण खालची हाडं धड होती.

चालवणं त्याहून अवघड. सैन्याचा हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही म्हणून निळा मारला. नोंदणीसाठी आरटीओचे उंबरठे झिजवले. पार्ट दुकानात मिळत नाहीत, उद्यमनगरात लेथवर करून घ्यावे लागतात. डिझेल तर असं पितो की पंपावरचा माणूस मला लांबूनच हात करतो. वळणावर स्टिअरिंग फिरवायला दोन्ही खांदे लावते, आणि संध्याकाळी दंड भरून येतात. तुम्ही घरी आल्यावर खांदा चोळत का बसायचात ते आता कळलं. आईनं मात्र त्याला दारात उभं राहू दिलं नाही. म्हणाली, "ह्या गाडीनं माझा नवरा वरीसवरीस लांब ठिवला. मला ती डोळ्यांम्होरं नको." तिचं काय चुकलं? आम्ही तो गल्लीच्या टोकाला लावायला लागलो.

मागच्या पुरात ट्रक कोडोलीतच होता, एका कामावर. नदीकाठच्या वस्तीतली माणसं नावेनं बाहेर आली होती, पण एक म्हातारा-म्हातारी येईनात. घरात दोन म्हशी होत्या, त्यातली एक गाभण, आणि नावेत म्हशी मावत नाहीत. त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. ट्रककडे बघत उभा राहिला. हे म्हणाले, आधी पाणी बघू. बांबू टाकून बघितला. चाक बुडत नव्हतं आणि पाण्याला ओढही नव्हती, पण पाणी चढत होतं. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "जायाचं आसंल तर आत्ताच." हे काठावर थांबले, मुलगा फूटबोर्डवर उभा राहिला. रस्ता दिसत नव्हता, दोन्ही बाजूंना उसाचे शेंडे तेवढे वर होते, त्यांच्या मधून पहिल्या गियरमध्ये मी निघाले.

म्हातारी ओट्यावरच बसली होती. मला म्हणाली, "बाई, म्हशी ऱ्हायल्या तर मीबी ऱ्हाते. तुमी जावा की."

मी म्हटलं, "म्हशी आधी चढवा. मग तुम्ही."

ट्रक मागं घेऊन ओट्याला लावला आणि हौद्याचा मागचा फाळका ओट्यावर टाकला. एक म्हैस चढली. गाभण म्हैस पाय रोवून उभी, ओढून, ढकलून हलेना. तेव्हा म्हातारी स्वतः आधी हौद्यात गेली, खाली बसली आणि तिला हाक मारत राहिली, लेकीला मारावी तशी. म्हैस हुंगत हुंगत तिच्या मागं आली. मागोमाग म्हातारा कासरा धरून चढला.

परत येताना पाणी वाढलं होतं. निम्म्यात इंजिन दोनदा अडखळलं, मागं म्हशी धडका देत होत्या. ॲक्सिलरेटरवरचा पाय मी उचलला नाही. चढावर पुढची चाकं कोरड्या डांबरावर आली तेव्हा म्हाताऱ्यानं हौद्यातून केबिनवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. हायस्कूलच्या मैदानात म्हशी बांधल्या. गाभण म्हैस तिथंच व्याली, रेडी झाली.

पाणी उतरल्यावर आम्ही घरी आलो. आई गल्लीच्या टोकाला बादली घेऊन आली आणि चाकांवरचा गाळ धुवायला लागली. एका चाकातच बादली संपली, तेव्हा म्हणाली, "दारात लाव, हितं पानी लांब पडतंय." तेव्हापासून तो दारातच असतो.

आता येणारे-जाणारे विचारतात, पाण्यात इंजिन अडखळलं तेव्हा आबांची आठवण झाली असंल न्हाय? मी व्हय म्हणते. लोकांना ते ऐकायला बरं वाटतं आणि मलाही. पण आबा, तुमच्याशी काय खोटं बोलायचं. तेव्हा तुम्ही आठवला नाहीत. मी मोठ्यानं आईला हाक मारली, पुन्हा पुन्हा, फूटबोर्डवरच्या मुलानं वळून बघावं इतकी. हा कागद मी कुणाला वाचून दाखवणार नाही. आईला तर नाहीच, ती गल्लीभर सांगत सुटेल.