सुजून गेले

मंगळवार, पिरंगुट

संतोषच्या आईचं वाक्य डोक्यातून जात नाही. ऐन तिशीत पोरगा डायलिसिसवर, कारण सापडत नाही. किडनी द्यायला धाकटी बहीण मनीषा तयार. मागे मी त्याच्या आईला विचारलं होतं, घरात आधी कुणाला हा आजार? ती ठाम म्हणाली, "न्हाई बा. किडनी कुणालाच न्हाई झाली." म्हणून जनुकीय तपासणीसाठी त्याचं नाव मी सुचवलंच नाही. महागडी तपासणी, सगळ्यांना कुठे सांगणार?

आज तिघं आली. मनीषा बांगड्यांशी चाळा करत बसलेली. तिघं निघताना मी सहज आईला विचारलं, संतोषचे वडील कशानं गेले?

"ते सुजून गेले. आजा बी सुजूनच गेला. आमच्यात समदी तशीच जात्यात."

सुजून! किडनी निकामी झाली की अंग सुजतं. म्हणजे मी प्रश्नच चुकीचा विचारत होतो? आता संतोषची तपासणी आधी. आणि मनीषाची? ती तर देणारी, धडधाकट. पण त्या बांगड्या... मनगटात रुतलेल्या. मी बघतोय हे पाहून ती हसली.

"दिवाळीत भरल्या तवा सैल हुत्या, डॉक्टर. आता निघतच न्हाईत."