बारा अंशांचा फरक

लूनफूट तळं, उत्तर विस्कॉन्सिन
रविवार, ७ जून १९९८

प्रिय वेंडल,

तुला आणि इर्माला माझे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघे तेवढे कुरकुरतात, पण ते माझं ऐकत नाहीत म्हणून मीही त्यांचं ऐकायचं सोडलंय. अजून रोज सकाळी बोट मीच पाण्यात लोटते.

नाताळचं कार्ड मिळालं होतं. चित्रात निवडुंगाला दिव्यांची माळ आणि खाली तुझी सही. अठरा वर्षं नुसती सहीच येते, पण येते. मी ती सगळी कार्डं स्वयंपाकघरात कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहेत. मिठाचा डबा काढायला गेलं की दिसतात.

यंदा बर्फ लवकर फुटला. चर्चच्या तळघरातलं शुक्रवारचं मासे-जेवण आता सात वाजताच संपतं, कारण सगळे म्हातारे झालो. गॉर्डी प्रचास्का अजून रहिवासी संघाचा अध्यक्ष आहे. लोकांना तो फार आवडतो असं नाही, दुसरं कोणी उभंच राहत नाही. परवा आला, रुबार्बच्या देठांचा अर्धा केक एकट्याने संपवला आणि वर म्हणतो, "आंबट झालाय." मी म्हटलं, "मग ताटलीही खाऊन टाक, ती गोड आहे."

त्याने आणलेली बातमी अशी. आपल्या तळ्यात मस्की माशांची वीतभर पोरं, बोटुकली, सोडायचा विषय पुन्हा निघाला आहे. आठ ऑगस्टला संघाची सभा आहे, त्यात मतदान. ठराव पास झाला तर ऑक्टोबरमध्ये मत्स्यबीज हॅचरीची लॉरी येईल. तू मस्कीला पाण्यातला लांडगा म्हणतोस आणि तुझ्या वॉलआय माशांवर तुझा जीव, हे मला ठाऊक आहे. पण ऐक. या तळ्यात मस्की अंडी घालते पण त्यांचं काही होत नाही, सोडले तरच मासे. सध्या आहेत त्या सगळ्या सदुसष्ट-अडुसष्टला सोडलेल्या. गेल्या उन्हाळ्यात मी तीन पकडल्या आणि सोडल्या. तिन्ही म्हाताऱ्या, ओठ फाटलेले, डोळ्यांवर साय. लहान एकही नाही. अजून पाच वर्षांनी मी रीळ फिरवत बसेन आणि पाण्याखाली कोणी नसेल.

ठराव पास करून घ्यायचाच, असं मी ठरवलंय. घरोघर जाते आहे. पस्तीस घरं झाली, एका ठिकाणी कुत्रा चावला, तिथलं मत नक्की मिळणार.

आता तुझं काम. लॉरी येईल तेव्हा टाकीचं पाणी आणि तळ्याचं पाणी हळूहळू मिसळून एका तापमानाला आणणारा माणूस हवा. ते काम तुझ्याइतकं नीट कोणी करत नाही. ऑक्टोबरमध्ये ये. तुझी खोली तयार आहे.

तुझी बहीण,
आर्लिस


लूनफूट तळं
रविवार, १९ जुलै १९९८

प्रिय वेंडल,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. अठरा वर्षांत पहिल्यांदा सहीच्या वर काहीतरी लिहिलंस. "थर्मामीटर कोणीही धरू शकतं. मला कशाला?" बास, दोन वाक्यं.

ते कार्ड मी आठ दिवस खिशात घेऊन फिरले. इकडचं तिकडचं लिहून उत्तर द्यावं असं खूप वाटलं. पावसाबद्दल एक अख्खं पान लिहिलंही, मग फाडलं. आज सकाळी न्याहारी न करता टेबलाशी बसलेय. हे लिहिल्याशिवाय कॉफीसुद्धा घ्यायची नाही असं ठरवलंय, आणि माझी कॉफी तुला माहीत आहे.

सहा ऑक्टोबर एकोणऐंशी. शनिवार. त्या सकाळी मी बोटीत होते, तळ्यात वेतांचं रान शिरलंय त्या वेताच्या टोकाशी, माझ्या मर्लने कोरलेलं देवदाराच्या लाकडाचं आमिष घेऊन. तेच, मागे पाती असलेलं, पाण्यावरून बदबद करत येणारं. बोटीपासून चार हातांवर आलं आणि त्याच्यामागे एक मस्की दिसली. मी आयुष्यात तेवढी मोठी पाहिली नव्हती, नंतरही नाही. बोटीपर्यंत आली, माझ्याकडे पाहिलं आणि खाली गेली. असा मासा एकदा दिसला की तो तिथेच राहतो, हवा बदलली की खातो. हे या तळ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. पश्चिमेला ढग चढत होते. वारा पडला की ती तोंड उघडणार, हे मला लख्ख कळत होतं.

आणि मला बोटुकलीसाठी धक्क्यावर यावं लागलं. लॉरी दोन तास उशिरा आली. तू टाकीत थर्मामीटर घातलास, तळ्यात घातलास, म्हणालास, "बारा अंशांचा फरक आहे. तासभर तरी लागेल." पंप लावलास. अर्ध्या तासात पंपाचं पेट्रोल संपलं. तू गावात निघालास आणि गाडीच्या खिडकीतून म्हणालास, "आर्लिस, मी येईपर्यंत झाकणाला हात लावू नकोस."

तू गेलास आणि वारा पडला.

लॉरीवाला दुसऱ्या गावचा, त्याला पुढे आणखी एक तळं करायचं होतं. त्याने विचारलं, "झालं का, बाई?" मी म्हटलं, "झालं. सोड."

मी, वेंडल. मी म्हटलं. मस्कीचा क्लब मी काढला, लोकांच्या दारोदार मी फिरले, आणि ती वीतभर लांबीची पोरं थंड पाण्यात मी लोटली. नळीतून धडाधड गेली. वाटलं, पोहताहेत की. तू पेट्रोल घेऊन आलास तेव्हा टाकी रिकामी होती. "तपासलंस?" असं विचारलंस. मी म्हटलं, "फरक चार अंशांवर आला होता." थर्मामीटर तुझ्या कोटाच्या खिशात होता. मी कशाने तपासणार होते? तू माझ्याकडे बघितलंस आणि नळी गुंडाळायला लागलास.

मी सरळ वेताच्या टोकाशी गेले. तिसऱ्या फेकीला ती आली. पाणी उघडलं, तिचं डोकं दिसलं, आणि दिसल्याबरोबर मी ओढलं. मर्ल शंभरदा सांगायचा, पाण्यावरच्या आमिषाला मासा दिसला म्हणून ओढायचं नाही, हाताला वजन लागेपर्यंत थांबायचं. मी थांबले नाही. आमिष रिकामं माझ्या कानाजवळून गेलं. तो मासाही मला मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीत सगळीकडे पांढरी पोटं तरंगत होती. पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण माझ्या हाताने कधी लिहिलेलं नाही. सभेत गॉर्डी तुला म्हणाला, "तुला मस्की नकोच होती. मुद्दाम मारल्यास तू." तू म्हणालास, "आर्लिसला विचारा." अख्खं सभागृह माझ्याकडे वळलं. मी म्हटलं, "थर्मामीटर वेंडलकडे होता."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं घाणेरडं होतं. एवढं बोलून मी मूग गिळून बसले, आणि तुझं नाव संघाच्या कमिटीतून काढलं गेलं. दुकानात लोकांनी तुझ्याशी बोलणं सोडलं. मार्चमध्ये तू ट्रक भरलास. मी पडद्याआडून बघत होते. बाहेर आले नाही.

मर्लला कळलं होतं. नवरा असून तो मला एका शब्दाने बोलला नाही, पण त्यानंतर बारा वर्षं जगला आणि माझ्यासाठी एकही आमिष कोरलं नाही. लोकांसाठी कोरायचा.

मला तुझी माफी हवी आहे. मिळाली नाही तरी मी पुढचं करणार आहे. आठ ऑगस्टला सभेत, मतदानाच्या आधी, मी उभी राहून हे सगळं सांगणार. काल गॉर्डीला सांगितलं. त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आर्लिस, मत होऊ दे. मग सांग. आधी सांगितलंस तर ठराव बुडाला म्हणून समज. ज्या बाईने एकदा मासे मारले तिच्या हातात लोक पुन्हा कशाला देतील?"

"मग सांगायचं म्हणजे लॉरी आल्यावर? की पोरं मोठी झाल्यावर? की मला पुरल्यावर?" मी विचारलं.

"एवढी वर्षं थांबलीस, दोन तासांनी काय होतं?"

"एवढी वर्षं हेच म्हणत आलेय, गॉर्डी."

तो टोपी घालून निघून गेला. पुढ्यातला केक तसाच राहिला, यावरून समज.

तुला हे आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. आता कॉफी घेते.

आर्लिस


लूनफूट तळं
सोमवार, १० ऑगस्ट १९९८

प्रिय वेंडल,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरून मी बसले नव्हते, पण पोस्टाच्या पेटीशी रोज दोनदा गेले हे खरं.

शनिवारी सभा झाली. टाउन हॉल भरला होता, खुर्च्या कमी पडल्या. मी निळा झगा घातला, जो मर्लच्या अंत्यविधीला घातला होता. गॉर्डीने विषय वाचला आणि मी हात वर केला. त्याने डोळ्यांनी 'नको' म्हटलं. मी उभी राहिले.

कागदावर लिहून नेलं होतं, पण चष्मा गाडीत राहिला. तोंडानेच सांगितलं. तुला लिहिलं तेच, त्याच क्रमाने, वेताच्या टोकाच्या माशासकट. ते सांगताना जीभ अडली. माणसं चुका करतात हे लोक समजून घेतात, पण माशापायी भावाचा बळी दिला हे सांगायला मला फार लाज वाटली. सांगितलं. "वेंडलने मला झाकणाला हात लावू नकोस म्हटलं होतं," हे दोनदा सांगितलं, म्हणजे मागे बसलेल्या बहिऱ्यांनाही ऐकू जावं.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "आणि आज पुन्हा मासे मागायला आलीस?"

"हो," मी म्हटलं. "मासे या तळ्याला हवेत. मला शिक्षा करायची तर मला करा."

गॉर्डी टेबलामागे उभा राहिला. मला वाटलं, आता हा मला खाली बसवणार. तो चिटणीस बाईंना म्हणाला, "एकोणऐंशीचं इतिवृत्त काढा." त्या कपाटाशी गेल्या, वही आणली. त्याने वाचलं: "वेंडल हाउगेन यांच्या गैरकृत्यामुळे सर्व मासे दगावले." वाचून म्हणाला, "हे वाक्य मी घातलं होतं. माझ्या तोंडचं आहे. त्याच्या बायकोसमोर, इर्मासमोर, मी त्याला खुनी म्हटलं होतं." मग चष्मा पुसत बसला. नाक शिंकरलं. मग नियमाप्रमाणे ठराव मांडला: ते वाक्य खोडून तिथे 'आर्लिस नायगार्ड यांच्या घाईमुळे' असं लिहावं. अनुमोदन कोण देतं, असं विचारलं. सगळे खाली बघत होते. मग मीच दिलं.

एकमताने पास झाला, वेंडल. एकही हात खाली नव्हता. प्रत सोबत जोडली आहे. चिटणीस बाईंनी शिक्काही मारला आहे, मी मागून घेतला.

मग मस्कीचं मतदान झालं. सदतीस बाजूने, एक्केचाळीस विरुद्ध. पडलं. कुत्र्याचं घरसुद्धा विरुद्ध गेलं. बाहेर पडताना दोघी माझ्याशी बोलल्या नाहीत, त्यांत एक मी जिच्या बाळंतपणाला होते ती. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. घरी येऊन मी झगा न बदलता पलंगावर आडवी झाले. पण झोप लागली, आणि सकाळपर्यंत जाग आली नाही, असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

पुढच्या ऑगस्टला मी ठराव पुन्हा मांडणार. अठ्ठ्याहत्तर घरं आहेत, वर्ष आहे, तीन माणसं तिकडची इकडे करायची. गॉर्डी म्हणतो, "तुझ्या डोक्यात काय भरलंय, देवाला ठाऊक." तो तुला पत्र लिहिणार आहे. त्याचं अक्षर वाचता आलं नाही तर मला कळव, मला सवय आहे.

आता एवढंच राहिलं. जूनमध्ये मी तुला लॉरीसाठी बोलावलं होतं, आणि तू विचारलंस, "मला कशाला?" ऑक्टोबरमध्ये लॉरी येणार नाही. थर्मामीटरचं काम नाही, धक्क्यावर तुझी कोणाला गरज नाही. तुला बोलावायला माझ्याकडे आता कुठलंही कारण उरलेलं नाही.

तरी ये.

त्या दिवशी 'सोड' म्हणाली होती ती,
तुझी बहीण
आर्लिस