पोटातलं ऐकणारी चकती

तलवाडा

प्रिय आम्रपाली,

जयभीम. तुझा खोकला थांबला का? अनिलचा गुडघा आता वळतो का? वहिनीची शुगर, समाधानची दाढ, सगळ्यांचं लिही. मी बरी आहे; तुमच्या यंत्रानं तुला सांगितलंच असेल.

तू त्या रुपयाएवढ्या चकत्या घेऊन आलीस, तेव्हा पदर खोचून मी घरोघर फिरले. छातीला डकवायची, चार दिवस ठेवायची. धडधड, खोकला, पोटातली गुरगुर तिला नीट ऐकू येते का तेवढं तपासायचंय, असं तू म्हणालीस. बाया बिचकल्या. सुभद्राबाई तर म्हणाली, "आगं, माझं बोलणं बी ऐकंल की ही!" मी हसले. म्हटलं, "बाई, ही पोटातलं ऐकती, तोंडातलं न्हाई." माझ्या शब्दावर तिनं अंगठा दिला.

फॉर्म मीच वाचून दाखवत होते. दुकानांच्या पाट्या बघून अक्षरं शिकलेली मी, वाचायची हौस दांडगी. तिसऱ्या पानाला तू म्हणालीस, "आत्या, पुढं तेच तेच आहे, राहू दे." राहू दिलं. रक्ताच्या माणसानं सांगितल्यावर कोण पान उलटतं?

पुढं तुझ्या ऑफिसातले सर आले. सुभद्राबाईचा खोकला किती स्वच्छ टिपलाय, ते त्यांनी तिच्याच ओट्यावर मोबाईलवर लावून दाखवलं. ती रानात गेलेली. खोकल्यामागून तिचाच आवाज आला, "चतुरा, अंगदला सांगू नको, पांदीकडचं वावर मी लेकीच्या, छबूच्या नावावर करणार हाय." तिचा थोरला अंगद तिथंच चहाचे कप घेऊन उभा! तू खाली बघत म्हणालीस, "फॉर्मात लिहिलं होतं, आत्या."

घरी येऊन मी ते पान काढलं. बारीक अक्षरात होतं, आजूबाजूचं बोलणंही टिपलं जाईल. म्हणजे तुला ठाऊक होतं, पोरी.

अंगद आईवर तुटून पडला, पण कुठून कळलं ते बोलला नाही. चाळीस वर्षं रानात माझ्या शेजारच्या पातीला खुरपलेली सुभद्राबाई, मीच फोडलं असं धरून, आता मला बघून दार लावते. यंत्रानं ऐकलं, असं मी हात जोडून सांगितलं. ती म्हणाली, "तोंडातलं न्हाई ऐकत, तूच म्हणली व्हतीस."

फोनवर तू "बघू आत्या" म्हणतेस, म्हणून हे पत्र. सुभद्राबाईच्या नावानं चार ओळी लिही. "बोलणं यंत्रानं टिपलं, मला माहीत होतं, आत्याला नव्हतं," एवढंच. आणि खाली सही कर. छबू तिला वाचून दाखवील. तुझ्या नोकरीला धक्का बसेल, हे मला कळतं. तरी मागतेय. उत्तराला दिवस लावू नकोस.

तुझीच,
चतुराआत्या