कॅरव्हॅन आता कुठेही जाणार नाही

ताई,

कॅरव्हॅन मी हातोड्याने फोडली. आधी गाडीला जोडायचा हूक तोडला, मग खिडक्या, मग आतली शेगडी. शेगडीचा काही दोष नव्हता, पण तोवर माझा हात बसला होता.

फ्रिजवरची तुझी सामानाची यादी सकाळी वाचली. सहा महिने अनोळखी मुलखात फिरायचं, म्हणून तांदूळ, दोरी, बॅटऱ्या, हे समजलं. त्याखाली ‘मुक्या माराचं मलम, सहा ट्यूब’. म्हणजे महिन्याला एक. तुझं नियोजन लहानपणापासून चोख. भाऊजींनी नकाशावर मुक्कामाच्या जागा निवडल्यात, त्यातल्या एकाही ठिकाणी शेजार नाही. इथे निदान शेजारच्या मावशी बेल तरी वाजवतात.

आवाज ऐकून भाऊजी बाहेर आले. “वेड लागलंय का रे तुला?” म्हणाले. मी हो म्हणालो. त्यांनी माझा पुढचा दात पाडला, मी त्यांचं मनगट मोडलं. दात अंगणात कुठेतरी आहे, शोधत बसू नकोस. आता मीच त्यांना दवाखान्यात नेतोय, कारण त्यांना स्टिअरिंग धरता येत नाही.

तुझी बॅग आणि कागदपत्रं मावशींकडे ठेवलीत. आईला फोन केलाय, ती स्टँडवर थांबेल. एक्स-रेला भली मोठी रांग असते. आमचा नंबर आला की मी मागच्या आजोबांना पुढे सोडेन, मग त्यांच्या मागच्यांना. संध्याकाळपर्यंत सहज ओढतो.

तू चहासुद्धा करत बसू नकोस.

धाकटा