प्रार्थनेनंतरची ओळ

प्रिय देवश्री,

माझं अक्षर पाहून आधी घाबरशील आणि मग हसशील. फोन असताना ही बाई पत्र का लिहिते? कारण फोनवर तू मला मध्येच थांबवतेस. अकोल्याला डी.एड.च्या होस्टेलवर होतो तेव्हापासूनची तुझी सवय आहे ती. कागदाला मध्ये तोंड घालता येत नाही, तेव्हा आज निमूट ऐकून घे.

वाईट बातमी आधी सांगून टाकते. आमची शाळा बंद पडायला आली आहे. पटावर फक्त तीन मुली उरल्यात. भाजी-फुलांचा मळा करणाऱ्या सहदेवभाऊंची दामिनी, आणि इंदूबाईंच्या दोन नाती, गीतांजली आणि अवनी. यातली एक जरी गेली तरी जूनपासून शाळेला कुलूप लागेल, असं वरून स्पष्ट सांगितलं आहे. माझं काय, माझी बदली होईल, पगार चालू राहील. पण मला झोप लागत नाही, जेवण जात नाही, आणि ज्याच्याशी बोलावं असं इथे कुणी नाही.

तुला आमच्या भोंग्याचं कधी नीट सांगितलंच नाही. मी इथे आले तेव्हा घरोघरी निरोप पोचवणं हीच मोठी कटकट होती. मुलांच्या हाती चिठ्ठी द्यावी, तर तिच्यात कुणाचा तरी तंबाखू बांधला जायचा. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढला, तर फोन बापाच्या खिशात आणि बाप अचलपूरच्या बाजारात. आया दिवसभर वांग्याच्या नाहीतर झेंडूच्या वाफ्यात वाकलेल्या. पालकसभेला मी आणि खुर्च्या. मग लक्षात आलं, की संध्याकाळी प्रार्थना मंदिरात सामुदायिक प्रार्थना होते आणि तिचा भोंगा पार मळ्यांपर्यंत ऐकू जातो. प्रार्थना मंडळाच्या हरिहरकाकांना विचारलं, जयघोष झाला की दोन मिनिटं माइक द्याल का. म्हणाले, घ्या की मॅडम, पन भाषन नोका देऊ.

भाषण नाहीच दिलं. प्रत्येक मुलाची रोज एक ओळ, बस. श्रावणने आज बाराचा पाढा न अडखळता म्हटला. गीतांजलीने खिचडीतली भाजी निवडून बाजूला काढली नाही. शिवमने भांडण सोडवलं. ते सुरूही त्यानेच केलं होतं, हे मात्र सांगितलं नाही. खोटं कधी बोलले नाही गं, फक्त निवडून बोलले. गाव ऐकायला थांबू लागलं. दामिनीची आई सत्यभामाताई डोक्यावरची टोपली न उतरवता रस्त्यातच उभ्या राहायच्या. इंदूबाईंचा मुलगा आणि सून दूर वीटभट्टीवर कामाला आहेत. इंदूबाई त्यांना फोन लावतात आणि हात उंच करून तो भोंग्याकडे धरतात. पोरींची ओळ झाली की फोन कानाला लावून विचारतात, आयकू आलं काय बाप्पा?

आणि दामिनी. पहिलीत आली तेव्हा दिवाळीपर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. कुणाचा आवाज जरा चढला की फ्रॉकचं टोक पिळत पायांकडे बघत बसायची. मी सगळं करून पाहिलं, चॉकलेटसुद्धा. एके दिवशी कंटाळून तिच्याजवळ बसले आणि सहज विचारलं, अगं, तुमच्याकडे सकाळी कुठला झेंडू तोडायचा आणि कुठला ठेवायचा हे कसं ओळखतात? बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, मॅडम, मधात हिरवं दिसते ना, त्याले नोको तोडू. मला रडू आलं. त्या संध्याकाळी मी माइक तिच्यासमोर धरला. ती म्हणाली, मी आज शाळेत बोलली. एवढंच. तिकडे रस्त्यावर सत्यभामाताई टोपलीसकट मटकन खाली बसल्या. आता दुसरी संपत आली आहे, आणि हातात पडेल ते वाचते. किराण्याच्या पुड्याचा कागदही सोडत नाही.

तर असं सगळं छान चाललं होतं, आणि त्या छान चालण्यानेच माझा घात केला. आधी श्रावण गेला, मग शिवम, मग एकेक करून सगळेच. सगळे परतवाड्याला, तुझ्या इंग्रजी शाळेत, पिवळ्या गाडीत बसून. मला कळेना माझं चुकलं कुठे. मागच्या आठवड्यात सहदेवभाऊ शाळेत आले, कोबीचा गड्डा टेबलावर ठेवला आणि टोपी हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, मॅडम, तुमीच तं रोज भोंग्यावर सांगता का पोरगी लय हुशार हाय. मंग एवढ्या हुशार पोरीले या शाळेत काहून ठेवू?

देवश्री, तेव्हा मला उलगडलं. माझ्या प्रत्येक ओळीने एकेका बापाची छाती फुगत गेली आणि एकेक मूल गाडीत चढत गेलं. मुलं नीट शिकत नाहीत असं सांगितलं असतं, तर आज वर्ग भरलेला असता. याच्यावर हसायचं की डोकं आपटून घ्यायचं, तूच सांग.

रागावू नकोस, पण तुझ्या शाळेचंही एक सांगते. श्रावणची आई परवा फोन घेऊन माझ्याकडे आली. मॅडम, पोराचं काहीतरी आलं हाय, वाचून सांगा. बूट काळे हवेत आणि शुक्रवारी पांढरे हवेत, असं इंग्रजीत लिहिलं होतं. त्यात श्रावणचं नावसुद्धा नव्हतं. ती विचारत होती, पन तो कसा हाय, ते नाई काय लिहिलं? मी म्हटलं, मजेत आहे. भोंग्यावर नाही, पण खोटं बोलले खरी.

इंदूबाईंनी मला सरळ सांगून टाकलं आहे. दामिनी गेली तं शाळा गेली, आन शाळा गेली तं ह्या पोरी घरीच राह्यतीन. गाडीचं त्यांना झेपत नाही. जवळची दुसरी सरकारी शाळा नदीपलीकडे आहे, आणि इंदूबाईंचे गुडघे पोरींना पोचवायला जाऊ देत नाहीत. गीतांजली आताच शेण-सडा करते. शाळा बंद पडली की अवनीही करेल. मग संध्याकाळी इंदूबाई भोंग्याकडे फोन कशाला धरतील? भट्टीवर त्या दोघांना काय ऐकू जाईल?

येत्या शनिवारी सहदेवभाऊ दामिनीला घेऊन तुझ्याकडे येत आहेत. प्रवेशाच्या मुलाखती तूच घेतेस हे मला माहीत आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. देवश्री, तिला घेऊ नकोस. तुझ्या पाया पडते, तिला नाही म्हण. कसं ते सांगते. तिच्याशी इंग्रजीत बोल आणि थोडं मोठ्याने बोल, बस. ती फ्रॉकचं टोक पिळत खाली बघेल आणि तोंड उघडणार नाही. तुला फक्त तयारी नाही एवढंच लिहावं लागेल. हे तुला सांगताना मला माझीच किळस येते आहे, पण त्या दोघी बहिणी डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आणि दुसरंही सांगते, कारण ते लपवून पाकीट चिकटवायला माझा हात धजत नाही. तिला झेंडूबद्दल विचार. आपल्या बोलीत विचार, आणि थोडा वेळ गप्प बस. मग ती तुला टेबलावरचं सगळं वाचून दाखवेल. दोन्ही तुझ्या हातात दिलं आहे. काय केलंस ते मात्र शनिवारी दिवस मावळायच्या आत मला कळव. सत्यभामाताई टोपली घेऊन रस्त्यात उभ्या असतील, आणि दामिनीची ओळ मला सांगायची आहे.

तुझीच,
कुंदा