गाडी बदलायला वीस मिनिटं

ल्यूकन, ११ डिसेंबर

प्रिय आई,

आपल्या दोघींच्या सहलीसाठी तुमचा स्वित्झर्लंडचा व्हिसा आल्याचं तुमच्या भाच्याने, सुश्रुतने आज सकाळी पुण्याहून फोन करून सांगितलं. "मामीने पासपोर्ट देवापुढे ठेवलाय," म्हणाला. मग हळूच म्हणाला, "अर्जात तुझ्या नावापुढे तिने 'सून' लिहिलं. मी म्हटलं, घटस्फोटाला तीन वर्षं झाली. तर म्हणते, तो माझ्या मुलाचा झाला, माझा कुठे झालाय?"

मी निमंत्रणाच्या पत्रात 'परिचित' लिहिलं होतं. दोन कागद जुळत नाहीत म्हणून व्हिसा अडला असता, तर चूक माझी असती.

तुम्ही इकडे आला होतात तेव्हा, स्लायगोच्या हॉस्पिटलात माझ्या ऑपरेशननंतर तुम्ही मला रोज कॉरिडॉरमध्ये चालवायचात. मी थांबले की तुम्हीही थांबायचात आणि म्हणायचात, "मीच दमले गं." तिथेच खिडकीबाहेरच्या गारा बघत म्हणाला होतात, "मला बर्फ बघायचाय, पण त्यावर घसरायचं नाही हं. गाडीत बसून बघायचा."

म्हणून आल्प्समधल्या गाड्या मी तुमच्या गुडघ्यांना विचारून निवडल्यात. सहा मिनिटांत प्लॅटफॉर्म बदलायला लावणाऱ्या सगळ्या सोडून दिल्या. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं ठेवलीत.

हे पत्र पाठवत नाही, नाहीतर तुम्ही तिकडे रडत बसाल. सतरा जानेवारीला झुरिक स्टेशनवर चालता चालता तुम्ही थांबाल. तेव्हा मीही थांबेन आणि म्हणेन, "मीच दमले हो, आई."

तुमची सून,
अश्लेषा