डोक्याआड गेलेले दोन आकडे

१४ नोव्हेंबर, शनिवार

दादा,

नमस्कार. माझं ठीक चाललंय. तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्याचं वर्कशॉपातल्या सुताराकडून कळलं, म्हणून अक्षर मोठं काढतोय.

निवृत्तीनंतर मी एक उद्योग लावून घेतलाय, हसशील. खऱ्या रेल्वेच्या हुबेहूब, पण सत्त्याऐंशी पट लहान गाड्या बनवणारे लोक असतात. त्यांच्या वॅगनींवरची अक्षरं मी करतो. नंबर तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक, ब्रशने जमत नाही. कॉम्प्युटरवर काढायचा, खास कागदावर छापायचा, वर वार्निश मारायचं, कापून कोमट पाण्यात ठेवायचा. अक्षरांचा पापुद्रा कागदापासून सुटला की वॅगनवर अलगद सरकवायचा. पहिल्या खेपेला वार्निश विसरलो. चाळीस वॅगनींचे नंबर वाडग्यात विरघळले. तू असतास तर म्हणाला असतास, "मधेच भाषण ठोकायला गेला असेल!"

गिऱ्हाईक म्हणजे एक दातांचे डॉक्टर. गच्चीवरच्या खोलीत त्यांनी आपण दोघं राबलो ते रेल्वे वर्कशॉप छोट्या आकारात उभं केलंय, पाण्याच्या टाकीसकट. गेल्या महिन्यात त्यांनी एक जुना फोटो आणला. संपाचा नववा दिवस. फाटकासमोर पिंपावर चढून एक माणूस मूठ उगारून बोलतोय, मागे कुंपणापलीकडे वॅगन उभी. डॉक्टरांना तीच वॅगन हवी होती.

"नंबर स्वच्छ दिसतोय," ते म्हणाले, "पण तपासणीच्या तारखेचे शेवटचे दोन आकडे या ओरडणाऱ्याच्या डोक्याआड गेलेत."

"डोकं मोठंच होतं त्याचं," मी म्हटलं.

फोटो मोठा करून गिरवायला बसलो. कुठलाच फॉन्ट जुळेना, आकडे तू ब्रशने रंगवलेले. तुझा तीन वरून सपाट, पाचाचं पोट सुटलेलं. चार दिवस तुझा हात गिरवला.

राहिलेल्या आकड्यांचं डॉक्टर म्हणाले, "टाका हो संपाच्याच वर्षाचे. भिंग घेऊन कोण बघतंय?" मी नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं, त्यांनी खुर्ची मागे घेतली.

तिथे त्या वर्षाचे आकडे नव्हते.

ब्रेक शेवटचे कधी तपासले ती तारीख रंगवल्याशिवाय वॅगन यार्डाबाहेर पडायची नाही. साहेब ब्रेकला हात न लावता नव्या तारखा रंगवून घेत होते, म्हणून तर आपला संप. साहेबांनी तुला मागच्या दाराने बोलावलं आणि तू गेलास, एवढंच मला कळलं होतं. मी पिंपावरून ओरडलो, "माझ्या सख्ख्या भावाने खोटी तारीख रंगवली!" वळून पाहिलं असतं तर खरी, जुनी तारीख पाठीमागेच होती.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं नाही.

त्या संध्याकाळी वहिनी आली होती. तुला न सांगता. दारातच उभी राहिली. म्हणाली, "भाऊजी, ते गेले नसते तर साहेबांनी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात ब्रश दिला असता. त्यांनी जुनीच तारीख लिहिलीय. ती बघून पुढचं स्टेशन वॅगन परत पाठवेल. उद्या सभेत तेवढं सांगा."

वॅगन परत आली. का, ते साहेबांनी कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. पुढे सहा सभा घेतल्या. मागण्या वाचल्या की लोक जांभया देत, तुझं नाव काढलं की उभे राहत. म्हणून काढत राहिलो. हे चुकून झालेलं नाही, दादा. तू स्वतः सांगून पाहिलंस, तर म्हणाले, आता सारवासारव करतोय. नोकरी संपेपर्यंत तू एकटाच जेवायला बसलास. मी पलीकडच्या टेबलावरून बघत होतो.

वहिनी वारली तेव्हा तुझ्या दारापर्यंत आलो होतो.

२९ तारखेला, रविवारी, डॉक्टरांनी जुन्या कामगारांना गच्चीवर बोलावलंय. मी बोलणार आहे. लिहूनच काढलंय: "या वॅगनवरची तारीख खरी होती. माझा भाऊ फुटला नव्हता. मला हे त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी लपवलं." बास, एवढंच.

तू आलास, नाही आलास, तरी हे म्हणणार. ये, असं सांगायचा हक्क मला नाही. माफी इथे मागत नाही, कागदावर ती फार सोपी जाते.

तुझ्या बदनामीवर मोठा झालेला,
तुझा धाकटा